जाळ्यातला कचरा धक्क्याला लावायची कृती

डोलीचं जाळं, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधलेलं पिशवीसारखं जाळं, वर घेतलं की बोंबील, मांदेली, करंदीबरोबर दुधाच्या पिशव्या येतात, वेफर्सची पाकिटं, चपलांचे तळवे, गुटख्याच्या पुड्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी जाळ्याचा तुटका गुंता. ट्रॉलरच्या जाळ्यात तळाचा ऐवज येतो: चिखलाने भरलेल्या बाटल्या, पोती, कधी टायर. हा कचरा शोधायला वेगळी फेरी मारावी लागत नाही की वेगळं डिझेल जाळावं लागत नाही. तो बोटीवर आलेलाच असतो आणि खलाशांनी म्हावऱ्यातून निवडून बाजूलाही काढलेला असतो. कामाचा अवघड भाग इथे संपतो. आणि नेमका इथूनच बहुतेक बोटींवर तो परत पाण्यात जातो.

यात बेफिकिरी थोडी आणि हिशेब जास्त असतो. कचरा धक्क्यावर आणला तर ठेवायचा कुठे, याचं उत्तर तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे, नसतं. लिलावाच्या जागेजवळ टाकला तर बायका ओरडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. धक्क्याच्या कोपऱ्यात टाकला तर पुढच्या उधाणाला तोच कचरा खाडीत उतरतो आणि भरती-ओहोटीबरोबर फिरून पुन्हा डोलीच्या तोंडाशी येतो. मग तो आणायचा कशाला?

म्हणून ही कृती उलट क्रमाने लिहिली आहे. कचरा शेवटी कुणाच्या ताब्यात जाणार ते आधी, मग धक्का, मग पिशवी, आणि बोट सगळ्यांत शेवटी. एरवी घडतं ते असं: कार्यक्रम ठेवला जातो, नाखव्यांना, म्हणजे बोटमालकांना, पिशव्या वाटल्या जातात, फोटो निघतात, आणि महिन्याभराने त्या पिशव्यांत कुणी बटाटे भरतं. वऱ्हाड निघण्याआधी जानवसा ठरलेला असावा लागतो.

कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समध्ये २००० साली मच्छीमारांच्या संघटनांना बरोबर घेऊन ‘फिशिंग फॉर लिटर’ नावाने हे काम सुरू झालं. पुढे किमो या उत्तर युरोपातल्या किनारी नगरपालिकांच्या संघटनेने ते उचललं आणि २००५ मध्ये स्कॉटलंडच्या बंदरांत नेलं. आपल्याकडे २०१७ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या नींदकरा आणि शक्तिकुळंगरा या बंदरांवर ‘शुचित्व सागरम’ सुरू झालं. ट्रॉलरवाल्यांना पिशव्या दिल्या, आलेलं प्लास्टिक बंदरावरच धुऊन निवडायला मच्छीमार कुटुंबांतल्या बायकांना कामावर घेतलं, आणि ते भरडून डांबरात मिसळण्यासाठी यंत्र बसवलं. मत्स्यव्यवसाय खातं, बंदर बांधणारं खातं, स्वच्छता मिशन, बोटमालकांची संघटना अशा बऱ्याच जणांना त्यात आणलं होतं. तिथे पिशवीच्या पुढची वाट तयार होती, म्हणून पिशवीला अर्थ होता.

खालची कृती वीस-चाळीस बोटींच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीला झेपेल अशी आहे. मुंबईच्या ससून डॉकसारख्या मोठ्या बंदराला ती पुरणार नाही. तिथे पायऱ्या याच राहतील, पण माणसं आणि खाती कितीतरी जास्त लागतील.

१. ताबा कुणाचा ते लिहून घ्या

पहिलं काम कागदाचं आहे आणि सगळ्यांत जास्त वेळ तेच खातं. आपल्या किनाऱ्यावर धक्का एकाचा असतो, धक्क्याकडे येणारा रस्ता दुसऱ्याचा आणि घंटागाडी तिसऱ्याची. सागरी मंडळ, मत्स्यव्यवसाय खातं, बंदराचा जो कोणी धनी असेल तो, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांना एकाच टेबलाशी बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेगवेगळं भेटलात तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल.

बैठकीतून बाहेर पडताना हातात एक पत्र हवं. लांबलचक ठराव नको, अर्ध्या पानाचं चालेल, पण त्यात पाच गोष्टी असाव्यात: कचरा कुठून उचलला जाईल, कोणत्या वारी, कोणाच्या गाडीने, गाडी आली नाही तर कुणाला फोन करायचा, आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा. शेवटची गोष्ट गुळमुळीत ठेवली की सगळं तिथेच अडकतं. बोटीकडून मात्र एक पैसाही घ्यायचा नाही, हे त्याच पत्रात लिहून टाका. युरोपीय संघाने २०१९ च्या बंदर-सुविधा निर्देशात नेमकं हेच घातलं: जाळ्यात आपोआप आलेला कचरा बंदरावर उतरवणाऱ्या बोटीकडून त्याचं वेगळं शुल्क घ्यायचं नाही. लोकांनी फेकलेलं आपण उचलून आणायचं आणि वर त्याचं भाडं भरायचं, असं कुठलाच नाखवा करणार नाही.

याच टप्प्यावर भंगारवाल्याला बोलवा. सरकारी माणसांच्या आधी बोलावलं तर उत्तमच, कारण काय विकलं जातं हे तोच सांगू शकतो. घट्ट प्लास्टिकचे कॅन, दोरखंड, जाड जाळी, डबे तो घेईल. बाटल्या त्याच्या मर्जीवर आहेत. वाळू आणि शेवाळ भरलेल्या असतील तर भाव पडतो किंवा तो त्या घेतच नाही. पाकिटं आणि पुड्यांना मात्र भंगारात किंमत नाही. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, आणि तो रस्ता पालिकेमार्फतच उघडतो. त्यातही एक अडचण आहे. समुद्रातल्या प्लास्टिकवर मीठ असतं, मिठात क्लोरीन असतं, आणि क्लोराइड सिमेंटच्या भट्टीला घातक असतं. म्हणून धुतल्याशिवाय माल पाठवायचा नाही.

डांबरी रस्त्याचा पर्यायही विचारून घ्या. मदुराईच्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी दाखवलेल्या पद्धतीत भरडलेलं प्लास्टिक तापलेल्या खडीवर पसरतात, ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग त्यावर डांबर घालतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाला पिशव्यांचं, कॅनचं, थर्माकोलचं प्लास्टिक चालतं. पीव्हीसी चालत नाही, कारण तापवल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो. जवळपास कुठे रस्त्याचं काम नसेल तर या पर्यायावर विसंबून राहू नका. आणि ‘सगळ्याचा पुनर्वापर होईल’ असं खलाशांना सांगू नका. बराच भाग कचराभूमीवरच जाईल. समुद्रापेक्षा तो तिथे बरा, एवढं खरं सांगितलं तरी पुरतं.

२. धक्क्यावर हौद बांधा

हौद म्हणजे चार खांब, जाळीच्या भिंती आणि वर पत्रा. जमिनीपासून हातभर उंच ओटा करा, त्याला उतार द्या, म्हणजे पिशव्यांतलं पाणी निथळून जाईल. पत्रा पावसासाठी आहे आणि जाळी वाऱ्यासाठी. दक्षिणेचा वारा सुटला की सुक्या पिशव्या उडून पुन्हा पाण्यात जातात.

जागा निवडताना दोनच गोष्टी बघा. एक, मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढतं त्याच्या बऱ्यापैकी वर. ही रेषा कागदावर शोधू नका, गावातल्या म्हाताऱ्या नाखव्याला विचारा, तो पायाने दाखवेल. दोन, मासळी उतरते तिथून जवळ, पण लिलावाच्या आणि बर्फाच्या जागेपासून वेगळी. बंदराच्या फाटकाशी हौद बांधला तर पालिकेच्या गाडीला बरा पडतो आणि हमालाला नाही. पिशवी पाठीवर घेऊन कुणीही फाटकापर्यंत जात नाही.

हौदाशेजारी झाकणाचं एक पिंप ठेवा: इंजेक्शनच्या सुया, काचा, बॅटऱ्या, तेलाचे कॅन यांच्यासाठी. त्याचा रंग वेगळा असू द्या. हे पिंप कुणी उचलायचं याची नोंदही पहिल्या पत्रातच हवी, कारण साधी घंटागाडी ते घेणार नाही.

हौदाला कुलूप लावू नका. रात्री भंगारवाल्याची पोरं येऊन चांगलं वेचून नेतील, तर नेऊ द्या. तेवढंच ओझं कमी.

३. पिशव्या शिवून घ्या

युरोपात घनमीटरभर मापाच्या मोठ्या पिशव्या देतात. त्यांच्या बोटींवर क्रेन असते. आपल्या डोलीच्या बोटीवर तेवढी पिशवी उभी राहिली तर माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. माप असं ठेवा की भरलेली ओली पिशवी दोन खलाशांना दोन कडांनी उचलता येईल. ट्रॉलरला अशा तीन-चार द्या, छोट्या होडीला एक पुरते.

बाजारातून नवीन पिशव्या विकत आणायची गरज नाही. गावात जाळी विणणारे आहेत आणि सोसायटीच्या मागे जुन्या ट्रॉल जाळ्यांचे ढीग आहेत. त्यांतला धड भाग कापून पिशव्या शिवा, तोंडाला ओढायची दोरी घाला, तळाला दुहेरी शिवण. जाळीची पिशवी असली की पाणी आपोआप गळतं. पोतं वापरलं तर त्यात पाणी साठतं, वास मारतो, आणि दुसऱ्या दिवशी खलाशी ते पोतंच समुद्रात देतो. डोळ्याचा आकार बारीक घ्या, नाहीतर गुटख्याच्या पुड्या गळून जातील.

पिशवीवर बोटीचा क्रमांक घालावा की नाही, यावर वाद होतो. माझं मत, घालू नये. कुणाच्या पिशवीत काय निघालं यावरून उद्या कुणी विचारणा करेल, अशी शंका तांडेलाच्या मनात आली की पिशवी रिकामी येते. रंगाची पट्टी शिवा: डोलीला एक रंग, ट्रॉलरला दुसरा, गिलनेटला तिसरा. कुठल्या जाळ्यात काय येतं हे कळायला तेवढं पुरतं.

४. बोटीवर

पिशवी कुठे बांधायची यावर निम्मं यश आहे. मासळी निवडतात तिथेच, हाताच्या अंतरावर, कठड्याला अडकवा. चार पावलं चालावं लागलं तर कचरा पिशवीकडे जात नाही, पाण्याकडे जातो, कारण पाणी नेहमी एकाच पावलावर असतं. पिशवीचं तोंड उघडं राहावं म्हणून काठाला एक कडी किंवा जुना टायर बसवा.

क्रम असा ठेवा. जाळं रिकामं झालं की आधी जिवंत आणि नकोसे प्राणी परत पाण्यात, मग मासळी निवडून बर्फात, आणि उरलेल्या ढिगातून कचरा पिशवीत. कचऱ्यासाठी मासळी उन्हात थांबवायची नाही. पहिल्या दिवशी उत्साहाने कुणी तसं केलं आणि बोंबील मऊ पडले, तर नाखवा दुसऱ्या दिवशी पिशवी घरी ठेवून येईल.

हातमोजे सोसायटीने द्यावेत, रबरी आतून कापडाचे. ढिगात शिंगाळ्याचा काटा असतो, तो हातात मोडला तर आठवडा जातो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. समुद्री साप प्लास्टिकच्या गुंत्यात वळसे घालून बसलेला असू शकतो. त्यांतले जवळपास सगळेच विषारी असतात. म्हणून गुंता हाताने उचलण्याआधी आकड्याने उलटा करून, झटकून बघायचा. हा नियम नव्या पोरांना दोनदा सांगा.

भरलेली पिशवी ओली असते आणि दिसते त्यापेक्षा जड असते. ती खाली, बोटीच्या मध्याकडे ठेवा आणि बांधा. केबिनच्या टपावर कधीही नाही. डेकवरचं पाणी बाहेर जायची जी भोकं असतात त्यांच्यापुढे तर अजिबात नाही. पिशवी तिथे सरकून बसली तर लाटेचं पाणी डेकवरच अडकतं आणि बोट एका बाजूला बसते.

वारं उठलं, मासळी जास्त मिळाली, डेक भरलं, तर कचरा घेऊ नका. याबाबत तांडेलाचा शब्द शेवटचा. हे काम पुरवणीचं आहे आणि त्या दिवशी ते झालं नाही म्हणून कुणी जाब विचारायचा नाही.

५. ज्याला हात लावायचा नाही

बंद पिंपं, सिलिंडर, खूण नसलेले धातूचे डबे, तारा लोंबणारी कुठलीही वस्तू, आणि तरंगता कंटेनर. यांपैकी काही दिसलं तर जागा टिपा, लांब राहा आणि कळवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, सागरी पोलिसांचा १०९३. मोबाईलला रेंज नसेल तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६.

हा नियम उगाच घातलेला नाही. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एमएससी एल्सा ३’ हे सहाशेहून जास्त कंटेनर असलेलं जहाज बुडालं. त्यातल्या काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो ठिणगीने पेटतो. फळ्या आणि पोती घ्यायला म्हणून अशा कंटेनरजवळ होडी नेणारा माणूस काय पत्करतो हे त्याला माहीत नसतं. त्याच जहाजातले प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे नंतर केरळच्या किनाऱ्यांवर पसरले. असे दाणे जाळ्यात आले तर मात्र घ्या; ते जाळीच्या पिशवीत राहत नाहीत, बादलीत घ्यावे लागतात.

६. सुटलेली जाळी

तुटून वाहत गेलेलं जाळं मासे मारत राहतं आणि ते कुणीच खात नाही. शिवाय ते पंख्यात गुंडाळलं गेलं तर बोट भर समुद्रात अडकते. त्यामुळे खलाशांना या कचऱ्याबद्दल वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

पाण्यात तरंगतं जाळं दिसलं तर वाऱ्याच्या बाजूने जाऊ नका, बोट वाहत त्याच्यावरच जाईल. खालच्या बाजूने या, इंजिन न्यूट्रलला घ्या, आणि मग आकड्याने एक टोक वर घ्या. सगळं एकदम ओढायला बघू नका. जेवढं येतं तेवढं डेकवर, मग कापा, मग पुढचं. दोरीचा वळसा पायात येणार नाही याकडे एकाने फक्त लक्ष ठेवायचं, दुसरं काही करायचं नाही. जाळं जड लागलं, तळाला अडकलं वाटलं, तर जीपीएसवर खूण करून सोडून द्या आणि येऊन सांगा. मालवणसारख्या खडकाळ, प्रवाळाच्या तळावर अडकलेलं जाळं बोटीने खेचणं तर चूकच. जाळ्याबरोबर प्रवाळ उपटलं जातं. ते पाणबुड्यांनी कापून काढायचं काम आहे.

गुंत्यात कासव असलं तर जाळं कापायचं, कासव ओढायचं नाही. आणि सुटलेलं कासव निपचित दिसलं म्हणून मेलं असं धरू नका. त्याला पोटावरच ठेवा, मागचा भाग वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसांतलं पाणी उतरेल, अंगावर ओलं फडकं टाका, डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा, सावलीत राहू द्या. काही तासांनी ते हालचाल करू लागू शकतं. मग इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळी पाण्यात नसताना, पाण्याच्या अगदी जवळून सोडा.

संरक्षित प्राण्याला सोडवताना स्वतःचं चालू जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात त्याची भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना आणली. रक्कम २५,००० रुपयांपर्यंत. कासव, डॉल्फिन, देवमासा, देवमुशी अशांसाठी ती लागू आहे. कापताना आणि सोडताना फोनवर फोटो घ्या. फोटोशिवाय अर्ज पुढे सरकवणं कठीण जातं.

७. उतरवणं, वजन, वही

धक्क्याला लागल्यावर मासळी पूर्ण उतरू द्या. मग पिशव्या, आणि त्या लिलावाच्या फरशीवरून फरपटत न्यायच्या नाहीत. हौदात त्या रात्रभर लोंबकळत ठेवा. सकाळी निथळल्यावर काट्याला टांगून वजन करा. ओल्या वजनावर विश्वास ठेवला तर तुम्ही समुद्राचं पाणीच मोजत बसाल.

वहीत तारीख, पट्टीचा रंग, वजन, आणि बोट कुठल्या बाजूला गेली होती एवढं पुरे. वर्षभराने ही वही नगरपरिषदेपुढे ठेवता येते: अमुक खाडीच्या तोंडाशी पावसानंतर दुधाच्या पिशव्याच येतात, तमुक बाजूला पॅकिंगच्या पट्ट्या. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी जाळी लावायची याचं उत्तर त्या वहीत निघतं.

८. निवड

इथे मनुष्यबळ लागतं आणि ते फुकट मागायचं नाही. कोल्लममध्ये या कामाला बायकांना पगारावर घेतलं होतं, ते बरोबरच केलं. मासळी निवडणाऱ्या बायकांना ‘समाजासाठी’ म्हणून आणखी दोन तास बसवायची आपल्याकडे फार सवय आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस, रोजाने, सावलीत बसून, हातमोजे आणि पिण्याचं पाणी देऊन हे काम करून घ्या. पैसा कमी पडत असेल तर इतर काहीही छाटा, हे छाटू नका.

ढीग चार पुरतात: बाटल्या आणि कॅन, पातळ पिशव्या आणि पाकिटं, जाळी आणि दोर, उरलेलं. गोड्या पाण्याने एकदा खळबळून उन्हात वाळवा. पहिल्या पावसात हौदाबाहेर जाळीखाली पसरून ठेवलं तर धुण्याचं पाणीही वाचतं.

जाळ्यांचा ढीग मात्र नीट निवडण्यासारखा आहे, कारण नायलॉनला वेगळा भाव आहे आणि मिसळ माल कुणी घेत नाही. नायलॉन आणि एचडीपीई (घट्ट पॉलिथिन) नुसत्या डोळ्यांनी ओळखणं रंग उडाल्यावर जमत नाही. जाळून बघायची जुनी पद्धत सोडा, धूर छातीत जातो. समुद्राच्या पाण्याची बादली घ्या, जाळ्याचा छोटा तुकडा कापा, पाण्याखाली धरून गाठींमधली हवा पिळून काढा आणि सोडा. वर आला तर एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन. समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड, १.०२५ घनतेचं, नायलॉन १.१४ आणि एचडीपीई ०.९५ च्या आसपास. फरक इतका आहे की शंका उरत नाही. गिलनेटची बहुतेक जाळी आणि तंगूस (नायलॉनची एकेरी तार) बुडतील, ट्रॉलचा जाड दोरा तरंगेल. बाटलीचंही असंच: बाटली चिरून टाकली तर तळाला जाते, तिचं झाकण तरंगतं. म्हणून झाकणं वेगळी काढा, भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देईल.

९. पैशांचं काय

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारेल. दक्षिण कोरियाने २००३ पासून मच्छीमारांना पिशवीच्या आकारमानाप्रमाणे पैसे दिले. ग्रीसमध्ये एनालिया ही संस्था मच्छीमारांना थोडा मोबदला देते. तिचे संस्थापक लेफ्तेरिस अरापाकिस मच्छीमार कुटुंबातलेच, त्यांना २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा तरुणांसाठीचा पुरस्कार मिळाला. स्कॉटलंडमध्ये पैसे देत नाहीत. पिशवी फुकट, विल्हेवाट फुकट, बाकी स्वेच्छा.

मी स्कॉटलंडच्या बाजूचा आहे, पण आदर्शवाद म्हणून नाही. किलोला भाव लावला की ओली वाळू वजनाला येते, आणि घरामागचा कचराही बोटीवरून फिरून धक्क्याला लागतो. मग वजन तपासायला माणूस, त्या माणसावर दुसरा माणूस. त्यापेक्षा सोसायटीने महिन्याकाठी पिशव्या आणणाऱ्या बोटीला बर्फात थोडी सूट द्यावी. रक्कम लहान असू दे, पण ती खलाशांच्या वाट्यात यावी. नाखव्याच्या खात्यात गेलेली सूट डेकवर पोचत नाही, आणि वाकून कचरा उचलणारा माणूस डेकवर असतो.

१०. कधी सुरू करायचं

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत कागद, हौद आणि पिशव्या ही तिन्ही कामं उरका. लोक घरी असतात, जाळी दुरुस्तीला निघालेली असतात, पिशव्या त्याच हातांनी शिवून होतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी निघतात तेव्हा पावसाने नदीनाल्यांतून लोटलेला सगळा माल खाडीच्या तोंडाशी उभा असतो, आणि सर्वांत जास्त कचरा त्या पहिल्या काही आठवड्यांत येतो. त्या वेळी गाडी आठवड्यातून दोनदा ठरवा. नंतर एकदा.

डोलीवाल्या गावांत गाडीचा दिवस वारावर न ठेवता तिथीवर ठेवलेला बरा. उधाणात डोल जोरात चालते, कुणाला वेळ नसतो. भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी मंदावतं, माणसं धक्क्यावर असतात. निवड आणि गाडी तेव्हा. पालिकेला तिथी समजावणं जड जातं, म्हणून महिन्याच्या तारखा आधीच काढून द्या.

११. आपला स्वतःचा कचरा

हा भाग मच्छीमारांच्या सभेत कुणाला ऐकायला आवडत नाही, तरी सांगायचा. जाळ्यात येणाऱ्या दोरांचे तुकडे, थर्माकोलचे बोये, तेलाचे कॅन, बिसलरीच्या बाटल्या यांतला बराच माल बोटींवरूनच गेलेला असतो. जहाजांवरून कुठलंही प्लास्टिक, जाळ्यांसकट, समुद्रात टाकायला जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. कायद्यापेक्षा साधी सोय जास्त उपयोगी पडते: जाळं शिवताना कापलेल्या दोऱ्याच्या कातरणासाठी कमरेला एक छोटी पिशवी, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक झाकणाचा डबा. हा डबा आणि जाळ्यातल्या कचऱ्याची पिशवी एकत्र करू नका. भाताचं खरकटं पडलं की हौदात कुत्री आणि कावळे येतात, आणि निवडायला बसलेल्या बायका उठून जातात.

१२. गाडी आली नाही तर

येणार नाही, कधीतरी. पत्रातल्या क्रमांकाला फोन करा, दोन दिवस थांबा. हौद भरला असेल तर त्याच दिवशी सगळ्या तांडेलांना सांगा की पुढची गाडी येईपर्यंत पिशव्या घेतल्या जाणार नाहीत. हे सांगायला जीव होत नाही, पण भरून वाहणारा हौद एकदा धक्क्यावर दिसला की लोक तोच लक्षात ठेवतात. सुटलेली जाळी तेवढी घेत राहा. ती उडत नाहीत, कुजत नाहीत, आणि भंगारवाला ती स्वतः येऊन नेतो.

मे महिन्याच्या शेवटी सगळ्या पिशव्या परत मागवा आणि ताणून बघा. उन्हाने दोरा चिरमुटला असेल आणि हाताने तुटत असेल, तर ती पिशवी एचडीपीईच्या ढिगात टाका आणि नवीन शिवा.